टोकन कोण मोजणार?

उन्हाळ्यात दर शनिवारी सकाळी मी आमच्या गावच्या फार्मर्स मार्केटमध्ये दोन-तीन तास एका टेबलामागे बसते. गाव मिशिगनमधलं, डेट्रॉइटपासून तासाभराच्या अंतरावरचं. माझं काम अगदी साधं. समोरचा माणूस कार्ड देतो, मी ते हातातल्या छोट्या मशीनवर घासते, तो आकडा टाकतो आणि तेवढ्या डॉलरची लाकडी टोकन मी त्याच्या हातावर मोजून ठेवते. एक टोकन म्हणजे एक डॉलर. ती घेऊन तो मक्याच्या गाडीकडे जातो, टोमॅटोवालीकडे जातो. बारा वाजून गेले की मकेवाले, टोमॅटोवाले तीच टोकन पिशवीत घेऊन माझ्याकडे येतात आणि मी ती पुन्हा मोजते. या कामाचा पगार नाही. जाताना कोणीतरी उरलेली काकडी हातात देतं, तेवढंच.

गेल्या उन्हाळ्यात आई अंबाजोगाईहून आली होती. घरात एकटी बसून कंटाळेल म्हणून तिला शेजारच्या खुर्चीवर बसवली. अर्धा तास नुसती बघत होती. मग म्हणाली, "हे बिल्ले कसले गं?" मी सांगितलं, ज्यांची कमाई कमी आहे त्यांना सरकार दर महिन्याला कार्डावर पैसे देतं, फक्त खाण्याच्या वस्तूंसाठी; ते पैसे इथे चालावेत म्हणून हे बिल्ले. "म्हणजे रेशनच की," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, काहीसं अविश्वासाने: "रेशनवर कोथिंबीर मिळते?"

मिळते. मध मिळतो, अंडी, चीज, पाव मिळतो. मेक्सिकन बायका वेर्दोलागास म्हणून जी जुडी घेतात ती आपली घोळाची भाजी, तीही मिळते. इतकंच काय, भाजीचं बी आणि रोपंसुद्धा मिळतात. १९७३पासून फूड स्टॅम्पवर (या मदतीचं जुनं नाव) खाण्याजोगं पिकवणारं रोप विकत घेता येतं, ही गोष्ट इथे जन्मलेल्या कित्येकांना ठाऊक नसते. मे महिन्यात दोन-तीन डॉलरचं टोमॅटोचं रोप घेऊन जाणारी आजीबाई ऑगस्टपर्यंत सरकारी मदतीचा जो परतावा काढते, तो कुठल्या बँकेत मिळणार? आईला हे फार आवडलं. गरम जेवण मात्र या पैशांत घेता येत नाही. म्हणजे कच्चा बटाटा चालतो, भाजलेला चालत नाही. यातलं शहाणपण मी तिला समजावू शकले नाही, कारण ते मलाही कळलेलं नाही.

पण आईच्या प्रश्नाचं खरं उत्तर एवढ्यावर संपत नाही. कोथिंबीर मिळते, कारण माझ्यासारखं कोणीतरी टेबल लावून बसतं. ज्या शनिवारी कोणी बसत नाही, त्या शनिवारी मिळत नाही. देशाच्या एवढ्या मोठ्या अन्न-योजनेचा शेवटचा हातभर रस्ता गावोगावच्या हौशी माणसांनी उचलून धरलेला आहे. मला त्याचं कौतुक नको आहे. हे काम सरकारचं आहे आणि त्याचा खर्च योजनेच्या पैशातूनच व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

फूड स्टॅम्प पहिल्यांदा निघाले ते १९३९च्या मे महिन्यात, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. मंदीचा काळ. एकीकडे शेतात माल पडून, भाव नाही. दुसरीकडे शहरात लोक उपाशी. त्यावर काढलेली युक्ती अशी: गरीब कुटुंबाने एक डॉलर भरून केशरी तिकिटं घ्यायची, की त्यावर पन्नास सेंटची निळी तिकिटं फुकट. केशरीवर कुठलंही अन्न घ्या. निळीवर मात्र सरकारने 'जास्त पिकलंय' म्हणून जाहीर केलेलाच माल. ही योजना चालवणारे मिलो पर्किन्स म्हणत, आमच्या डोळ्यांपुढे एक दरी होती, एका कड्यावर शेतमालाचे ढीग आणि दुसऱ्या कड्यावर हात पसरलेली अर्धपोटी माणसं. आम्हाला त्या दरीवर पूल बांधायचा होता. शेतकरी आणि भुकेला, दोघांना एकाच दोरीने बांधणं हे या योजनेचं मूळ आहे. महायुद्धात ती बंद पडली, १९६१मध्ये केनेडींनी प्रयोग म्हणून पुन्हा सुरू केली, १९६४मध्ये तिचा कायदा झाला. २००८पासून तिचं सरकारी नाव स्नॅप. लोक अजून फूड स्टॅम्पच म्हणतात.

योगायोग बघा: मिशिगनच्या स्नॅप कार्डाला ब्रिज कार्ड म्हणतात आणि त्यावर याच राज्यातल्या मॅकिनॉच्या पुलाचं चित्र असतं. पर्किन्सचा पूल माझ्या हातातून शनिवारी वीस-पंचवीस वेळा जातो.

हा पूल बाजारापुरता मधेच कोसळला होता, आणि तो कोसळला सुधारणेमुळे. तिकिटं कागदाची होती तोवर बाजारात काही अडचण नव्हती. शेतकरी नोट घेतो तसं तिकीट घ्यायचा आणि नंतर बँकेत भरायचा. वीज नको, फोन नको. पुढे तिकिटांऐवजी कार्ड आलं. पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग शहरात १९८४मध्ये त्याचा प्रयोग झाला आणि १९९६च्या कायद्याने सगळ्या राज्यांना कार्डावर जाणं बंधनकारक केलं. २००४पर्यंत देशभर कागद संपला. कार्डाचे फायदे खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. तिकिटांचा काळाबाजार आटोक्यात आला. दुकानात रांगेत उभं राहून तिकिटांचं पुस्तक उघडताना मागच्यांच्या नजरा झेलाव्या लागत, ते थांबलं. पण कार्ड घ्यायला मशीन लागतं, मशीनला तेव्हा टेलिफोनची तार लागायची, आणि बाजार भरायचा चर्चच्या पार्किंगमध्ये नाहीतर नदीकाठच्या मोकळ्या जागेत, ताडपत्रीखाली. तार आणणार कुठून?

सुपरमार्केटला एका पैशाचा त्रास झाला नाही. त्यांच्याकडे तारा होत्या, मशीनं होती, हिशेबनीस होते. बाजारातल्या शेतकऱ्याच्या हातून मात्र जुनं गिऱ्हाईक एका कायद्याने काढून घेतलं गेलं. कोणी तसं ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. ठरवताना बाजार कोणाला आठवलाच नाही, आणि मला तेच जास्त बोचतं. सरकारने व्यवहाराची रीत बदलली आणि बदलाचा खर्च ज्याच्याकडे सगळ्यात कमी भांडवल त्याच्या अंगावर टाकला.

टोकन ही त्यावर बाजारांनी स्वतः काढलेली पळवाट. प्रत्येक शेतकऱ्याने मशीन घ्यायचं म्हणजे प्रत्येकाने कृषी खात्याकडे परवान्याचा अर्ज करायचा, मशीनचं भाडं भरायचं, रेंजसाठी डेटाचा प्लॅन घ्यायचा, आणि हे सगळं सहा महिन्यांच्या हंगामासाठी. मुळ्याच्या जुड्या विकणाऱ्याला ते कसं परवडावं? म्हणून सगळ्या बाजाराचा मिळून एक परवाना, एक मशीन, एक टेबल. कार्ड टेबलावर, टोकन बाजारभर. आमच्याकडे साध्या डेबिट कार्डवाल्यांसाठीही टोकन आहेत, पाच-पाच डॉलरची, रंग वेगळा. त्यामुळे हातात लाकडाची चकती दिसली म्हणजे माणूस गरीबच असं कोणी म्हणू शकत नाही. ही कल्पना ज्याला सुचली त्याला रांगेत उभं राहण्याचा अनुभव असणार.

पण पळवाटेची किंमत असते. नियम असा की फूड स्टॅम्पच्या टोकनावर सुटे पैसे रोख परत द्यायचे नाहीत. साडेतीन डॉलरची स्ट्रॉबेरी असेल तर चार टोकन देऊन वर अर्ध्या डॉलरचा काहीतरी जिन्नस घ्यायचा. शेतकरी बहुतेक वेळा मूठभर जास्त घालून मिटवतो. बाजारातल्या कुठल्या स्टॉलवर हे टोकन चालतं, कुठल्या नाही (साबणवाला नाही, मेणबत्तीवाली नाही, जॅमवाली हो) हे विक्रेत्यांना दर वर्षी नव्याने शिकवावं लागतं. संध्याकाळी टोकन मोजायची, वहीत लिहायची, मशीनच्या आकड्याशी ताळा घालायचा, पंधरवड्याने प्रत्येकाच्या नावे चेक काढायचा. ताळा चुकला तर परवाना बाजाराच्या नावावर, जबाबदारी बाजाराची. आमची मॅनेजर अर्धवेळ आहे. तिच्या पगाराचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या जागाभाड्यातून येतो. म्हणजे राष्ट्रीय योजनेची हिशेबनीस म्हणून ती राबते आणि तिला पोसतो मुळ्यावाला.

आता आकडे बघू. २०१२ साली फूड स्टॅम्पमधून देशभर सुमारे ७,४०० कोटी डॉलरची खरेदी झाली. त्यातली फार्मर्स मार्केटमधली होती सुमारे १ कोटी ६६ लाखांची. म्हणजे शंभर डॉलरमागे दोन सेंट. आणि हे कधी, तर १९९४मध्ये देशात जेमतेम साडेसतराशे बाजार होते, ते आठ हजारांच्या जवळ पोचल्यानंतरच्या काळातलं. दर शंभरातले सुमारे पंचाहत्तर डॉलर सुपरमार्केट आणि सुपरस्टोअरमध्ये जातात. त्यानंतर बाजारांतली रक्कम वाढली, पण तिची जागा हिशेबाच्या वहीत तळालाच राहिली.

या दोन सेंटांकडे बोट दाखवून लोक विचारतात, मग एवढा खटाटोप कशाला? गरिबाला स्वस्तात पोटभर हवं, ते दुकानात मिळतंय. बाजाराचं खूळ हे सुखवस्तू लोकांचं. या आक्षेपात तथ्य आहे असं मला बरेच दिवस वाटायचं. टेबलावर बसल्यावर मत बदललं. दोन सेंट ही मागणी कमी असल्याची खूण धरायची, तर आधी सगळ्या बाजारांत कार्ड चालायला हवं. दार बंद ठेवून 'आत कोणी येत नाही' म्हणणं हा कुठला न्याय? शिवाय दोन सेंट देशाच्या वहीत क्षुल्लक असतील. आमच्या बाजारातल्या अंडेवाल्याच्या वहीत नाहीत. मला तो सांगतो की टोकनवाली गिऱ्हाइकं पावसात पण येतात. हौशी गिऱ्हाईक ढग बघून घरी बसतं.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांत ऐकू येतो, मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या पंगतीत. "आम्ही टॅक्स भरायचा आणि यांनी ताज्या स्ट्रॉबेऱ्या खायच्या?" बोलणाऱ्याची चिडचिड मी समजू शकते. एच-वन-बीवर असलेला माणूस वर्षानुवर्षं कर भरतो आणि त्याची नोकरी गेली तर त्याला हे कार्ड मिळत नाही. ग्रीन कार्ड मिळालेल्या प्रौढालाही साधारणपणे पाच वर्षं थांबावं लागतं. आपल्याला जे मिळणार नाही ते दुसऱ्याला मिळताना बघणं सोपं नसतं. पण त्या रागाचा पत्ता चुकला आहे. स्नॅपचे पैसे माणशी महिन्याला सरासरी दोनशे डॉलरच्या आतले, म्हणजे दिवसाला सहा डॉलरच्या आसपास. ते पैसे सुपरमार्केटमध्ये चिप्सवर गेले तर टॅक्स भरणाऱ्याला बरं वाटेल का? स्ट्रॉबेरीवर गेले तर जूनमधल्या त्याच शनिवारी ते शेतकऱ्याच्या खिशात जातात, आणि तो शेतकरी त्याच रस्त्यावर ट्रॅक्टरचं डिझेल भरतो. कराचा पैसा इतक्या कमी हातांतून फिरून इतक्या लवकर शेतात पोचल्याची उदाहरणं मला फार सापडत नाहीत.

गरिबाने काय खावं यावर आपण किती बोलतो, हा वेगळाच विषय आहे. आमच्या लहानपणी रेशनच्या साखरेचा शिरा केला तरी शेजारीण म्हणायची, "बरं चाललंय की यांचं."

तिसरा आक्षेप मात्र मी मान्य करते. बाजार सगळ्यांसाठी नाही. आमचा बाजार शनिवारी आठ ते एक. ज्या बाईची शनिवारी वेअरहाउसमध्ये ड्यूटी आहे तिला त्याचा काय उपयोग? बस तासाला एक. मुलं बरोबर, पिशव्या हातात. आणि हंगाम. मेमध्ये अ‍ॅस्परॅगस, जूनमध्ये स्ट्रॉबेरी, जुलैत चेरी, ऑगस्टमध्ये मका-टोमॅटोची लयलूट, सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं आणि भोपळे; मग बर्फ. ऑगस्टमध्ये बाजारातला टोमॅटो दुकानातल्याशी भावात टक्कर देतो, मेमध्ये नाही देत. काही गोष्टी हंगामभर महागच असतात, त्यात कोंबडी. फार्मर्स मार्केटने भूक मिटेल असं कोणी सांगत असेल तर ते खोटं आहे. भूक मिटते ती कार्डावर पुरेसे पैसे असल्याने. मी त्या पैशांना बाजारात यायची वाट मोकळी ठेवा एवढंच म्हणते. त्यांच्या जागी बाजार ठेवा असं नाही.

वाट मोकळी ठेवण्याचा सगळ्यात चांगला उपाय याच राज्यात वाढला. फेअर फूड नेटवर्क नावाच्या संस्थेने २००९मध्ये डेट्रॉइटच्या बाजारांतून 'डबल अप फूड बक्स' सुरू केलं. तिथला ईस्टर्न मार्केट १८९१पासून त्याच जागी भरतो, हे सांगितलं की आईला एकदम आपलेपणा वाटला. आठवडी बाजार म्हटलं की तो जुनाच असायला हवा अशी तिची समजूत. 'डबल अप'मध्ये कार्डावरचे दहा डॉलर टोकनांत बदलले की वर दहा डॉलरची वेगळी टोकन फुकट, फक्त मिशिगनमध्ये पिकलेल्या फळ-भाजीसाठी. सुरुवातीला दिवसाला वीस डॉलरची मर्यादा होती. जाणत्या वाचकाच्या लक्षात आलं असेल: ही १९३९ची केशरी-निळी तिकिटंच आहेत, सत्तर वर्षांनी पुन्हा शोधलेली. न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने असंच काही 'हेल्थ बक्स' म्हणून २००५पासूनच चालवलं होतं.

देशपातळीवर याला पैसे मिळाले ते २०१४च्या शेती कायद्यात, पाच वर्षांसाठी १० कोटी डॉलर. २०१८मध्ये ते २५ कोटी झाले आणि कार्यक्रमाला गस शूमाकर यांचं नाव दिलं गेलं. शूमाकर मॅसॅच्युसेट्सचे कृषी आयुक्त होते, पुढे केंद्रात मोठ्या पदावर गेले. ते एक आठवण सांगत. १९८०च्या सुमारास बोस्टनच्या डॉर्चेस्टर भागात भावाचा माल विकायला मदत करत असताना पेअरची पेटी फुटून फळं गटाराकडेला सांडली. मागे वळून बघतात तो एक बाई आणि तिची मुलं ती फळं वेचतायत. बोलल्यावर कळलं, बाई फूड स्टॅम्पवर होती, ताजी फळं घेणं तिला परवडत नव्हतं. मॅसॅच्युसेट्सने पुढे गरोदर बाया आणि लहान मुलांच्या आयांना बाजारात चालणारी कुपनं दिली, आणि १९९२मध्ये त्याचा राष्ट्रीय कायदा झाला.

सुंदर गोष्ट आहे, पण माझी तक्रार पुढची आहे. शूमाकर कार्यक्रमाचे पैसे हक्क म्हणून येत नाहीत, अनुदान म्हणून येतात. कोणीतरी संस्थेने अर्ज लिहायचा, जवळपास तितकेच पैसे दुसरीकडून उभे करून दाखवायचे, मुदत संपली की पुन्हा अर्ज. ज्या राज्यात अर्ज लिहिणारी तगडी संस्था आहे, देणगीदार आहेत, तिथे दहाचे वीस होतात. शेजारच्या राज्यात दहाचे दहाच. गिऱ्हाईक तेच, भूक तीच. आणि यातही टेबलामागच्या माणसाचा पगार हा कायम मागे पडणारा विषय. देणगीदाराला फळांचा फोटो हवा असतो. टोकन मोजणाऱ्या बाईचा फोटो कोण काढतो?

हे बोलता बोलता आईने काकूची गोष्ट काढली आणि मला गप्प व्हावं लागलं. काकूचं केशरी कार्ड. मराठवाड्यासह चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकरी कुटुंबांना पूर्वी माणशी पाच किलो धान्य मिळायचं, गहू दोन रुपये, तांदूळ तीन रुपये किलो. ते बंद झालं आणि २०२३पासून त्याऐवजी खात्यात माणशी दीडशे रुपये, नंतर १७०. धान्याऐवजी पैसे द्यावेत की नाही यावर अर्थशास्त्रज्ञ पुष्कळ भांडतात. काकूचा मुद्दा साधा होता: बँक तालुक्याला, जायला-यायला रिक्षाचे पैसे, वर अर्धा दिवस मोडला. "सरकारने पैसे दिले, पण आणायला मलाच जावं लागतंय की." त्याआधी रेशन दुकानात ई-पॉस मशीन आलं तेव्हा तिचा अंगठा लागायचा नाही, आयुष्यभर खुरपं धरून रेषा झिजलेल्या. चोरी थांबावी म्हणून मशीन आलं, आणि ते यायलाच हवं होतं. पण अंगठा न लागण्याची किंमत कोणी भरायची हे मशीन आणणाऱ्याने ठरवलं नव्हतं, म्हणून ती काकूने भरली. इथे मुळ्यावाला भरतो.

सुधारणा करताना हिशेबाच्या बाहेर राहिलेला खर्च नाहीसा होत नाही. तो रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाकडे जातो. म्हणून माझी मागणी फार रूक्ष आहे. स्नॅपवर वर्षाला सुमारे १०,००० कोटी डॉलर खर्च होतात. ज्या बाजाराला परवाना दिलाय त्याच्या मशीनचं भाडं, डेटा, आणि टेबलावर बसणाऱ्या एका माणसाचा हंगामभराचा पगार हे त्या योजनेच्या व्यवस्थापनाच्या खर्चात धरा. दुप्पट टोकनांची सोय अर्जांच्या कचाट्यातून काढून कार्डातच घाला. त्या कार्डाला चिप बसवा. आजही बहुतेक राज्यांत त्यावर जुनी चुंबकी पट्टीच आहे, तिची नक्कल करून चोर महिन्याचे पैसे उडवतात, आणि चोरीची भरपाई केंद्राने डिसेंबर २०२४मध्ये थांबवली. आपल्या बँकेने असं कार्ड आपल्याला दिलं असतं तर आपण खातं बंद केलं असतं.

आणि अडीअडचणीला कागदाची सोय असू द्या. हे जुनाट वाटेल, पण २०१८चा उन्हाळा मला विसरता येत नाही. देशातल्या सुमारे १,७०० बाजारांचे कार्डव्यवहार ज्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर चालत होते, तिने ऐन हंगामात, जुलैमध्ये, गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. शेवटी इकडून तिकडून पैसे उभे करून ती हंगामापुरती तगवण्यात आली. मका तयार, गिऱ्हाईक तयार, कार्डात पैसे तयार, आणि मधला एक धागा तुटायला आलेला. रॉचेस्टरच्या निळ्या तिकिटाला कधी सर्व्हर डाउन झाला नव्हता.

सध्याचं वारं माझ्या मागणीच्या उलट दिशेला आहे, याची मला कल्पना आहे. जुलै २०२५च्या कायद्याने स्नॅपमध्ये मोठी कपात केली, काम करत असल्याचा पुरावा देण्याची अट ६४ वर्षांपर्यंतच्या लोकांना लावली, आणि योजना चालवण्याच्या खर्चातला राज्यांचा वाटा ऑक्टोबर २०२६पासून निम्म्यावरून पाऊणपट केला. राज्यं आधीच हात आखडतायत. बाजारातल्या टेबलाकडे बघायला त्यांना वेळ कुठून? मग ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारचं कामकाज ठप्प झालं आणि नोव्हेंबरच्या एक तारखेला देशभर कार्डांवर पैसे आलेच नाहीत. चार कोटींहून जास्त माणसं.

त्या शनिवारी आमचा हंगामातला शेवटून दुसरा बाजार होता. थंडी कडाक्याची. टेबलावर मी आणि मॅनेजर. एक बाई आली, नेहमीची, दोन मुलं बरोबर. कार्ड दिलं. मी घासलं, शिल्लक शून्य. तिला ते ठाऊक होतं, तरी एकदा बघून घेत होती. मॅनेजरने गल्ल्याखालची पिशवी काढली आणि दहा टोकन मोजली. विक्रेत्यांनी वर्गणी काढली होती. मुळ्यावाल्याने सगळ्यात जास्त दिली होती. बाईने भोपळा घेतला, बटाटे घेतले, आणि सुटे द्यायचे नाहीत म्हणून उरलेल्या टोकनाचं मुलाला सफरचंद.

हंगाम संपल्यावर डिसेंबरमध्ये समितीची बैठक झाली. पुढच्या मेपासून जागाभाडं वाढवायचं की कार्डाचं टेबल दहा ते बारा एवढंच ठेवायचं, यावर दोन तास बोलणं झालं. ठराव झाला नाही. फेब्रुवारीत पुन्हा बसायचं ठरलंय.